गाडीवर आखूड सीबी अँटेना: निवड, जागा, बसवणी आणि ट्यूनिंग

सीबी (सिटिझन्स बँड) म्हणजे सर्वसामान्यांसाठीचा, कमी पल्ल्याचा बोलण्याचा रेडिओ. तो २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. या लहरींची लांबी साधारण ११ मीटर भरते, त्यामुळे गाडीवरचा पूर्ण मापाचा पाव लहरीचा अँटेना पावणेतीन मीटरचा होतो. एवढी सळई टपावर लावून रोज फिरणं बहुतेकांना जमणारं नाही, म्हणून अर्ध्या मीटरपासून दीड मीटरपर्यंतचे आखूड अँटेना वापरले जातात. अँटेना विकत घेताना दिसते ती फक्त सळई. तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा, आणि तो बॉक्समध्ये मिळत नाही. अँटेना जितका आखूड, तितकं या पत्र्यावर आणि त्याच्याशी होणाऱ्या जोडणीवर जास्त अवलंबून राहावं लागतं. म्हणून महागडा अँटेना वाईट जागी बसवण्यापेक्षा साधा अँटेना चांगल्या जागी बसवलेला केव्हाही बरा. पुढची सगळी कृती याच हिशेबाने मांडली आहे.

आखूड केल्यावर नेमकं काय जातं

लांबी कमी केली की अँटेना २७ मेगाहर्ट्झवर आपोआप जुळत नाही. ती उणीव कॉइलने भरून काढतात. कॉइल अँटेनाला सुरात आणते, पण गेलेली लांबी परत देत नाही.

अँटेना आपल्याकडे आलेल्या शक्तीपैकी किती हवेत सोडेल हे त्याच्या रेडिएशन रेझिस्टन्सवर ठरतं. पूर्ण पावणेतीन मीटरच्या सळईचा हा आकडा सुमारे ३६ ओहम असतो. बुडाशी कॉइल असलेल्या एक मीटरच्या अँटेनाचा तो ३ ओहमच्या आसपास येतो आणि अर्ध्या मीटरचा १ ओहमच्याही खाली जातो, कारण लांबी निम्मी झाली की हा आकडा एक चतुर्थांश होतो. आता कॉइलच्या तारेचा आणि पत्र्याशी झालेल्या जोडणीचा मिळून १२ ओहम तोटा आहे असं धरा. रेडिओने ४ वॉट दिले, तर एक मीटरचा अँटेना त्यातले साधारण ०.८ वॉट हवेत सोडतो. अर्ध्या मीटरचा जेमतेम पाव वॉट सोडतो. बाकी सगळं उष्णता होऊन जातं.

ऐकण्याच्या बाजूला मात्र एवढा फरक जाणवत नाही. २७ मेगाहर्ट्झवर बाहेरचा गोंगाटच इतका असतो की आखूड अँटेना येणारा सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी करतो. ‘मला सगळे ऐकू येतात, पण माझं कोणाला ऐकू जात नाही’ ही आखूड अँटेनाची ठरलेली तक्रार इथून येते. अशा वेळी रेडिओ उघडून बसण्याचं कारण नाही.

वरच्या गणितात दोन गोष्टी आपल्या हातात आहेत: लांबी थोडी वाढवणं आणि तोटा कमी करणं. १२ ओहमचा तोटा ६ वर आणला, तर त्याच एक मीटरच्या अँटेनातून ०.८ ऐवजी १.३ वॉटपेक्षा जास्त शक्ती बाहेर पडते, तीही रेडिओला हात न लावता.

कोणता अँटेना घ्यावा

आधी उंचीची मर्यादा ठरवा. रोज ज्या पार्किंगमध्ये, फाटकाखालून किंवा शेडमध्ये गाडी जाते तिथली उंची मोजा, त्यातून गाडीच्या टपाची उंची वजा करा. उरलेल्या जागेत बसेल तो सर्वांत लांब अँटेना घ्या. अडथळा क्वचितच येत असेल, तर लांब अँटेना घेऊन त्याला झटपट सुटणारा जोड किंवा आडवा पाडता येणारा सांधा लावणं जास्त शहाणपणाचं. एक मीटर ते १.२ मीटर हे बहुतेक गाड्यांना परवडणारं माप आहे. ६० सेंटिमीटरच्या खाली जाण्यासाठी तसं ठोस कारण हवं. ३० सेंटिमीटरचे अँटेना ताफ्यातल्या मागच्या-पुढच्या गाडीशी बोलायला पुरतात, त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

मग कॉइल कुठे आहे ते पाहा. बुडाशी कॉइल आणि वर स्टीलची बारीक सळई ही रचना कारवर सर्वांत जास्त दिसते. वारा कमी अडतो आणि वजन खाली राहतं, त्यामुळे टपाला चुंबकाने चिकटणाऱ्या तळावर (मॅग्नेट माउंटवर) ती शोभते. कॉइल मध्यावर असेल तर तेवढ्याच लांबीत रेडिएशन रेझिस्टन्स साधारण दुप्पट मिळतो, पण वजन वर सरकतं आणि माउंट भक्कम लागतं. तिसरा प्रकार फायबरग्लासच्या दांड्यावर तार गुंडाळलेल्या अँटेनाचा. त्यात टोकाकडे वेढे दाट असतात. झाडाच्या फांद्या लागणाऱ्या रस्त्यांवर तो टिकतो आणि बुडाचा काही भाग गाडीच्या पत्र्याआड गेला तरी तुलनेने कमी बिघडतो. आरशाच्या किंवा मागच्या ब्रॅकेटवर लावायचा असेल तर हाच घ्यावा.

दोन अँटेना सारख्याच लांबीचे असतील, तर जाड तारेची, मोठ्या व्यासाची कॉइल असलेला निवडा. बोटाएवढ्या जाडीच्या प्लास्टिकच्या नळीत केसासारखी तार गुंडाळलेली असेल, तर तोटा तिथेच होतो. बॉक्सवरच्या शेकडो वॉटच्या आकड्यांना ४ वॉटच्या रेडिओसाठी फारसा अर्थ नाही. डेसिबलमधल्या ‘गेन’च्या आकड्यांकडे तर लक्षच देऊ नका. आखूड अँटेना पूर्ण मापाच्या सळईच्या पुढे जात नाही.

बँडची रुंदी हाही मुद्दा आहे. अमेरिकेतले ४० चॅनल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये बसतात, आणि बराचसा युरोपही तेच वापरतो. ही रुंदी ०.४४ मेगाहर्ट्झ आहे. एक मीटरचा बरा अँटेना ती कशीबशी सांभाळतो. फार आखूड अँटेना मधल्या चॅनलवर जुळवला की दोन्ही टोकांना बिघडतो. ब्रिटनमध्ये याशिवाय २७.६०१२५ ते २७.९९१२५ या पट्ट्यात वेगळे ४० चॅनल आहेत. दोन्ही पट्टे एकाच आखूड अँटेनावर नीट चालवायचा हट्ट धरू नका. चॅनल, शक्तीची मर्यादा आणि बाहेरचा अँटेना लावण्याची मुभा देशागणिक बदलते. आपल्या देशाचा नियम पाहूनच खरेदी करा.

गाडीची बॉडी फायबरची असेल, किंवा टपच नसेल, तर ‘नो ग्राउंड प्लेन’, म्हणजे पत्र्याशिवाय चालणाऱ्या, प्रकारचा संच लागतो. त्यात अँटेना, माउंट आणि केबल एकमेकांसाठी जुळवलेले असतात आणि केबलची जाळी (मधल्या तारेभोवतीचं विणलेल्या तारांचं वेष्टण) हरवलेल्या पत्र्याचं काम करते. हा संच पत्र्याच्या गाडीवर लावू नका आणि साधा अँटेना या संचाच्या केबलवर चढवू नका. दोन्हीकडे जुळणी बिघडते.

जागा

टपाचा मधोमध. चारही बाजूंना सारखा पत्रा मिळतो, सळई पूर्णपणे उघड्यावर राहते आणि सगळ्या दिशांना सिग्नल जवळजवळ सारखा जातो. याहून चांगली जागा गाडीवर नाही.

इतर कुठलीही जागा ही तडजोड असते, आणि तिची किंमत कशी ठरते ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: ज्या बाजूला पत्रा जास्त, त्या बाजूला सिग्नल जास्त जातो. मागच्या डाव्या कोपऱ्यात अँटेना असेल, तर जोर पुढच्या उजव्या दिशेला राहतो आणि मागे-डावीकडे तो पडतो. डिकीच्या झाकणावर बसवला तर सळईचा खालचा भाग मागच्या काचेच्या आणि खांबांच्या शेजारी येतो. तिथे निदान कॉइल आणि वरचा अर्धा भाग टपाच्या रेषेच्या वर राहिला पाहिजे. बंपरवर लावलेला आखूड अँटेना जवळजवळ पूर्णपणे गाडीच्या आड जातो. ती जागा पूर्ण मापाच्या लांब सळईसाठी ठीक, आखूडसाठी नाही.

टपावर लोखंडी कॅरिअर असेल तर त्याच्या आडव्या दांड्यांच्या मध्ये अँटेना उभा करू नका. कॉइलशेजारी आलेला धातू तिचा सूर बदलतो. कॅरिअरच्या वर ब्रॅकेट घेऊन अँटेना लावायचा झाल्यास कॅरिअर आणि टप यांच्यात धातूचा खरा जोड आहे का ते तपासावं लागतं, कारण बहुतेक कॅरिअरचे पाय रबरावर बसलेले असतात.

काचेचं छत किंवा सनरूफ असेल तर उरलेल्या पत्र्याच्या पट्टीचा मध्य निवडा. ॲल्युमिनियमच्या टपावर मॅग्नेट चिकटत नाही, पण तो पत्रा म्हणून उत्तम चालतो, तिथे भोकाचं किंवा ब्रॅकेटचं माउंट घ्यावं. साध्या छोट्या चुंबकाने टप आधीच तपासून पाहा. आणि काचेवर चिकटवायचे अँटेना २७ मेगाहर्ट्झला सोडून द्या.

माउंटचे प्रकार

मॅग्नेट माउंट पत्र्याला थेट जोडला जात नाही. रंगाच्या थरातून, कपॅसिटरसारखा तो पत्र्याशी जोडला जातो. म्हणून तळ जितका रुंद तितकी जोडणी चांगली. एक मीटरच्या अँटेनासाठी निदान १२ ते १५ सेंटिमीटर व्यासाचा तळ घ्या. ९ सेंटिमीटरचा मॅग्नेट फक्त अर्ध्या मीटरच्या अँटेनाला पुरतो. जास्त वेगात किंवा फांदी लागून तो निसटू शकतो, हे गृहीत धरूनच वापरावा.

टपाला भोक पाडून बसवायचं माउंट सर्वांत चांगलं चालतं. एनएमओ या प्रचलित प्रकाराला १९ मिलिमीटरचं भोक लागतं. भोक पाडण्याआधी छताचं अस्तर उतरवून खाली काय आहे ते पाहणं सक्तीचं समजा. कडेच्या पडदा-एअरबॅगा, दिव्यांच्या वायरी आणि आडव्या पट्ट्या सगळं तिथेच असतं.

डिकीच्या किंवा बॉनेटच्या कडेला पकडणारं क्लॅम्प माउंट भोकाशिवाय काम भागवतं. त्याचे ग्रब स्क्रू (डोकं नसलेले बारीक स्क्रू) झाकणाच्या आतल्या बाजूचा रंग भेदून पत्र्यात रुतले पाहिजेत. आरशाच्या दांड्यावरचं ब्रॅकेट ट्रकसाठी सोयीचं, पण आरसा अनेकदा प्लास्टिकच्या बुशवर किंवा दाराच्या रंगवलेल्या बिजागरीवर टांगलेला असतो. तिथे बॉडीशी वेगळा जोड द्यावाच लागतो.

अँटेनाचे आटे आणि माउंटचे आटे एकच आहेत ना, हे खरेदीच्या वेळीच पाहा. अमेरिकी अँटेनांवर ३/८ इंच, इंचाला २४ आटे हे माप सर्रास असतं. युरोपी अँटेनांवर डीव्ही किंवा पीएल जोड दिसतो. ॲडॅप्टर मिळतात, पण प्रत्येक ॲडॅप्टर म्हणजे पाणी शिरायची एक जागा वाढली.

हाताशी ठेवायचं सामान

मल्टिमीटर, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्यावरून जुळणी दाखवणारा), दोन्ही टोकांना पीएल-२५९ हा केबलचा कनेक्टर असलेली अर्ध्या मीटरची जोडकेबल, पाने, ॲलन की, पॉलिश पेपर, दातेरी वॉशर, १२ ते २५ मिलिमीटर रुंदीची तांब्याची चपटी जाळीपट्टी, गंजरोधक प्रायमर, सिलिकॉन ग्रीस आणि स्वतःलाच चिकटणारी रबर टेप. भोक पाडायचं असेल तर ३ मिलिमीटरचं ड्रिल, खोली रोखणारा कडा असलेलं १९ मिलिमीटरचं होल-सॉ, सेंटर पंच आणि गोल कानस.

बसवणी

मॅग्नेट माउंट: टपाचा मध्य धुऊन कोरडा करा, मॅग्नेटचा तळही पुसा. त्याला चिकटलेला लोखंडाचा एखादा कण रंगावर कायमचा ओरखडा काढतो. मॅग्नेट तिरका धरून एक कड आधी टेकवा आणि हळूच बसवा. जागा बदलायची असेल तर उचलून बदला, घासत नेऊ नका. तळाखाली जाड कापड किंवा रबरी चकती घालू नका. अंतर वाढलं की जोडणी आणि पकड दोन्ही कमी होतात. तळाखाली पाणी साचून रंग फुगतो, म्हणून अधूनमधून उचलून ती जागा पुसत राहा.

भोकाचं माउंट: टप मोजून मध्य काढा, चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा आणि पंच मारा. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग होल-सॉ. वेग कमी, दाब हलका. उडालेला कीस लगेच उचला. रात्रभर टपावर राहिला तर सकाळी गंजाचे ठिपके दिसतात. कड कानशीने साफ करा. आतल्या बाजूला माउंटचे दात जिथे रुततात तेवढीच कडी घासून पत्रा उघडा करा, बाकी कापलेल्या कडेला प्रायमर लावा. रबर रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या आणि वरची रिंग योग्य पान्याने आवळा. पक्कडीने आवळली की रिंग घसरते आणि रंग जातो.

ब्रॅकेटचं माउंट: इथे वॉशरचा क्रम चुकला की सगळं चुकतं. स्टड म्हणजे अँटेना ज्यावर चढतो तो आटेदार खुंट. त्याचा मधला भाग अँटेनाला जोडलेला असतो, खालच्या सॉकेटचा बाहेरचा भाग ब्रॅकेटला. सॉकेट खालून, दातेरी वॉशरसह, ब्रॅकेटच्या उघड्या धातूला भिडतो. नायलॉनचा वॉशर ब्रॅकेटच्या वर येतो आणि त्याचा उंच कडा भोकाच्या आत बसून स्टडला मध्यावर धरतो. हा कडा भोकाबाहेर राहिला, तर आवळताना स्टड सरकून ब्रॅकेटला टेकतो आणि थेट शॉर्ट होतो. ब्रॅकेट आणि पत्रा यांच्यामधला रंग घासून काढा, बोल्ट आवळा आणि वरून रंग किंवा ग्रीस लावून सांधा बंद करा.

सगळं आवळल्यावर, अँटेना आणि रेडिओ न जोडता, मल्टिमीटरने तीन मोजण्या घ्या. स्टडपासून ब्रॅकेटपर्यंत जोड दिसता कामा नये. स्टडपासून केबलच्या दुसऱ्या टोकाच्या मधल्या पिनपर्यंत शून्याजवळ यायला हवं. ब्रॅकेटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत अर्ध्या ओहमच्या आत. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी मोजून वजा करा. अँटेना चढवल्यावर मात्र काही मॉडेलमध्ये मधली पिन आणि जाळी यांच्यात शॉर्ट दिसतो. बुडाशी कॉइलचं एक टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जोडलेलं असतं, त्यामुळे तो दोष नसतो. अँटेनाच्या माहितीपत्रकात ते दिलेलं असतं.

एक इशारा इथेच देणं भाग आहे. मल्टिमीटरने शून्य ओहम दाखवलं म्हणजे २७ मेगाहर्ट्झवरही जोड चांगला आहे असं नव्हे. एक मीटर लांबीची साधी वायर डीसीला जवळजवळ शून्य असते, पण या फ्रिक्वेन्सीवर तिचा अडथळा दीडशे ओहमच्या वर जातो. म्हणून ब्रॅकेट, डिकीचं झाकण, बॉनेट किंवा दार बॉडीला जोडायचं असेल तेव्हा रुंद जाळीपट्टी वापरा आणि ती शक्य तितकी आखूड ठेवा, २० सेंटिमीटरच्या आत असेल तर उत्तम. डिकीवर अँटेना असेल तर दोन्ही बिजागऱ्यांशेजारी एकेक पट्टी द्या. बिजागरीत ग्रीस आणि रंग असतो, तिच्या भरवशावर राहू नका.

केबल

५० ओहमचीच केबल घ्या. कारसाठी आरजी-५८ पुरते. चार-पाच मीटरमध्ये २७ मेगाहर्ट्झवर तिचा तोटा अर्ध्या डेसिबलच्या आत राहतो. टीव्हीची ७५ ओहमची केबल घरात पडलेली आहे म्हणून वापरू नका.

केबल बरोबर ५.५ मीटरचीच हवी, असा एक समज खोलवर रुजलेला आहे. अँटेना आणि पत्रा नीट जुळले असतील तर लांबीने फरक पडत नाही, लागेल तेवढी ठेवा. लांबी बदलली की एसडब्ल्यूआर बदलत असेल, तर केबलची जाळी स्वतःच अँटेना म्हणून वागते आहे, आणि खरा दोष माउंटच्या अर्थमध्ये आहे. फक्त ‘नो ग्राउंड प्लेन’ संचाची केबल कापायची नाही, ती मुद्दाम ठरलेल्या लांबीची असते. उरलेली केबल मनगटावर गुंडाळल्यासारखी घट्ट बांधू नका. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा सैल इंग्रजी आठ करून सीटखाली ठेवा.

दाराच्या किंवा डिकीच्या रबरातून केबल आणताना जिथे रबर सर्वांत मऊ आणि जाड आहे ती जागा निवडा. चेपलेल्या केबलमध्ये आतली तार हळूहळू जाळीकडे सरकते आणि काही महिन्यांनी, उन्हात गाडी तापली असताना, अचानक शॉर्ट होतो. वळण ५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न येता तिथेच ठिबकेल. पुढच्या खांबातून केबल नेत असाल तर एअरबॅगच्या मागून न्या, तिच्यावरून कधीही नाही.

पीएल-२५९ स्वतः जोडणार असाल तर बाहेरची आटेदार कडी केबलवर आधी चढवा, कारण सोल्डर झाल्यावर ती चढत नाही. मग आरजी-५८ साठीचा बारीक रिड्यूसर. बाहेरचं आवरण १९ मिलिमीटर काढा, जाळी मोकळी करून रिड्यूसरच्या तोंडावर मागे परतवा, आतलं प्लास्टिक टोकाकडून १६ मिलिमीटर काढून मधल्या तारेवर सोल्डर चढवा. कनेक्टर रिड्यूसरवर पूर्ण फिरवा. मग पिनच्या टोकातून आणि बाजूच्या भोकांतून सोल्डर करा. भोकांतून सोल्डर करताना ४० वॉटचं बारीक सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, धातू उष्णता ओढून घेतो. जाड टोकाचं आणि जास्त वॉटचं घ्या, काम झटपट संपवा, नाहीतर आतलं प्लास्टिक वितळून पिन जाळीला टेकते. थंड झाल्यावर मल्टिमीटर लावा.

वीज

रेडिओचा पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून, बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज लावून घ्या. फ्यूजचा आकडा रेडिओच्या पुस्तिकेतला. ४ वॉटच्या साध्या सेटला साधारण २ ते ३ ॲम्पिअर असतो. वायर निदान १.५ चौरस मिलिमीटर. ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतील तर १२ व्होल्टचा कन्व्हर्टर हवा, आणि तो रेडिओसाठी बनवलेला, कमी गोंगाटाचा हवा.

एसडब्ल्यूआर मोजणं आणि जुळवणं

मोजल्याशिवाय बोलू नका. अँटेना न जोडता किंवा शॉर्ट असताना माइकवरचं बोलण्याचं बटण दाबलं, तर रेडिओचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

एसडब्ल्यूआर १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. १.५ च्या खाली आलं की काम झालं. १.४ वरून १.१ वर आणण्यात तास घालवल्याने पलीकडच्याला काहीही फरक ऐकू येणार नाही. २ पर्यंत चालतं. ३ च्या वर असेल तर बोलणं थांबवा.

गाडी मोकळ्या जागी न्या. भिंती, इतर गाड्या, झाडं आणि डोक्यावरच्या तारा यांच्यापासून निदान आठ-दहा मीटर लांब. दारं, बॉनेट, डिकी बंद. अँटेनाच्या टोपीसकट सगळं जागेवर. रेडिओ मीटरच्या ट्रान्समीटर बाजूला, अँटेनाची केबल अँटेना बाजूला जोडा, आणि कोणालाही अँटेनाजवळ उभं राहू देऊ नका.

१. चॅनल ऐकून रिकामा असल्याची खात्री करा. आणीबाणीच्या चॅनलवर चाचणी करू नका, बऱ्याच देशांत तो ९ क्रमांकाचा आहे.
२. रेडिओ एएम किंवा एफएमवर ठेवा. एसएसबी (सिंगल साइडबँड) या प्रकारात न बोलता शक्ती बाहेर पडत नाही, म्हणून मोजता येत नाही.
३. मीटर ‘फॉरवर्ड’वर, बटण दाबा, काटा ‘सेट’च्या खुणेवर आणा. मग ‘रिफ्लेक्टेड’वर करून आकडा वाचा आणि बटण सोडा. हे काही सेकंदांत झालं पाहिजे.
४. हेच चॅनल १, २० आणि ४० वर करा. प्रत्येक वेळी ‘सेट’ नव्याने करा. तीन आकडे लिहून ठेवा.

१ वरचा आकडा ४० पेक्षा मोठा असेल तर अँटेना आखूड आहे, लांबवा. ४० वरचा मोठा असेल तर लांब आहे, कमी करा. आधी ग्रब स्क्रू सैल करून सळई आत-बाहेर सरकवून पाहा. फायबरग्लासच्या अँटेनाचा टोकाचा स्क्रू एकेक फेरा फिरवा. कापायची वेळ आलीच तर एका वेळी ३ मिलिमीटर, मग पुन्हा मोजणी. आखूड अँटेनात सळईचे थोडेसे मिलिमीटर संपूर्ण बँड सरकवतात, आणि कापलेलं परत येत नाही. कापल्यावर टोक कानशीने गोल करा. दोन्ही टोकांचे आकडे सारखे आणि मधला सर्वांत कमी आला की ग्रब स्क्रू आवळा आणि सळईवर त्या जागी खूण करून ठेवा.

तिन्ही चॅनलवर आकडा ३ च्या वर असेल, तर सळईला हात लावू नका. इथे लांबीचा प्रश्नच नाही. शॉर्ट, तुटलेली केबल किंवा नसलेला अर्थ, या तिघांपैकी एक शोधा. बरेच अँटेना याच टप्प्यावर विनाकारण कापले जाऊन वाया जातात.

उलट बाजूही सांगायला हवी. अर्ध्या मीटरच्या अँटेनाने चाळीसही चॅनलवर १.२ दाखवलं, तर खूश होण्याऐवजी शंका घ्या. ५० ओहमचा नुसता रेझिस्टरसुद्धा १.० दाखवतो आणि हवेत काही सोडत नाही. एवढा सपाट आकडा तोटा मोठा असल्याचं लक्षण आहे: कॉइल निकृष्ट असेल, केबलमध्ये पाणी असेल, किंवा अर्थ खराब असेल. चाचणी म्हणून दहा-वीस सेकंद बोलून लगेच, बटण सोडल्यावर, कॉइलला हात लावून पाहा. ४ वॉटला ती गरम लागता कामा नये. बटण दाबलेलं असताना मात्र अँटेनाला हात लावू नका, बोट भाजतं.

काय बिघडतं आणि का

केबलला हात लावला किंवा ती हलवली की आकडा बदलतो: जाळीच्या बाहेरून प्रवाह वाहतो आहे. आधी माउंटचा अर्थ सुधारा. त्यानंतरही थोडं उरलं तर माउंटजवळ केबलवर फेराइटचे क्लॅम्प चढवा.

गाडी धावताना आकडा किंवा आवाज हेलकावतो: अँटेनाच्या बुडाची स्प्रिंग सैल आहे, स्प्रिंगच्या आतली जोडपट्टी तुटली आहे, किंवा सळई वाऱ्याने मागे वाकून टपाजवळ येते आहे. आखूड अँटेनाला कारवर स्प्रिंग सहसा लागतच नाही. लावलीच तर ती अँटेनाच्या लांबीत धरून पुन्हा जुळवा. झटपट सुटणाऱ्या जोडालाही हेच लागू.

पावसानंतर आकडा चढतो आणि उन्हात उतरतो: जोडात पाणी आहे. जाळी काळी पडली असेल तर ती केबल वाळवून सुधारत नाही, बदला. नवा जोड रबर टेप ताणून, निम्मी निम्मी चढवत गुंडाळा आणि तिच्यावर साधी काळी टेप मारा.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी किंवा टकटक: अँटेनाची केबल रेडिओतून काढा. गोंगाट गेला तर तो अँटेनातून येत होता. राहिला तर विजेच्या वायरीतून. पहिल्या प्रकारात बॉनेट आणि सायलेन्सरचा पाइप बॉडीला जाळीपट्टीने जोडल्याने बराच फरक पडतो. दुसऱ्यात निगेटिव्हचा जोड साफ करा आणि वायर बॅटरीवरूनच येते आहे ना ते पाहा. गोंगाट इंजिन बंद असतानाही असेल तर मोबाइलचा चार्जर, डॅशकॅम आणि एलईडी दिवे एकेक करून काढा. स्वस्त चार्जर हा यातला नेहमीचा गुन्हेगार.

सगळं जुळलेलं असूनही कधी कधी दूरदूरच्या अनोळखी आवाजांनी चॅनल भरून जातात आणि जवळची गाडी ऐकू येत नाही. आयनावरणावरून परतणाऱ्या लहरींचा हा परिणाम आहे. सूर्यावरच्या डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राच्या शिखराजवळ तो वाढतो. त्यात अँटेनाचा दोष नाही. स्क्वेल्च (कमजोर आवाज आणि गोंगाट दाबणारा खटका) थोडा वर घ्या आणि तो ओसरण्याची वाट पाहा.

टपावर कॅरिअर चढवला, दुसरा अँटेना लावला, माउंट हलवलं किंवा केबल बदलली, की तीन चॅनलची मोजणी पुन्हा करा. एरवी वर्षातून दोनदा, त्यातली एक पावसाळा संपल्यावर. त्याच वेळी अँटेना फिरवून काढा, आटे पुसा, ब्रॅकेटखालचा पत्रा गंजला आहे का ते पाहा आणि ग्रब स्क्रू अजून आवळलेला आहे याची खात्री करा.